झाकणावर लिहिलेलं असतं

दुकान चाललं की माणसाकडे पैसा जमतो, नाही चाललं की किस्से जमतात. माझ्याकडे किस्से भरपूर आहेत!

पांढरकवड्याला हायवेवर माझं ऑइलचं दुकान. मागच्या बाजूला घर, शेजारी सत्तारभाईंचं गॅरेज, मध्ये एक कडुनिंब, त्याखाली बाक आणि बाकावर गुल्हाने भाऊ. एवढाच आमचा कट्टा. आमच्या तिघांचं गाड्यांबद्दलचं ज्ञान किती, असं कुणी विचारलं तर हिशोब सोपा आहे. सत्तारभाईंचं आणि गुल्हाने भाऊंचं ज्ञान मिळवायचं आणि त्यातून माझं वजा करायचं.

तरी लोक गाडी थांबवून मलाच विचारतात, "शेठ, पॉवर स्टेअरिंगमध्ये कोणतं ऑइल टाकावं?" मी सांगतो, "झाकणावर लिहिलेलं असतं!" या एका विषयात आमच्या तालुक्यात मला तज्ज्ञ मानतात. ही पदवी मला कशी मिळाली ते ऐका.

*

मुळात आमची कापसाची आडत. मग ते कापसाचे वाईट दिवस आले. शेतातलं बोंडअळीनं खाल्लं, उरलेलं भावानं खाल्लं, आणि एकेक जिनिंग बंद पडत गेली. आमच्या दारात जिथे बैलगाड्यांची रांग लागायची तिथे कुत्री झोपू लागली. आजूबाजूच्या गावांत काय चाललं होतं ते मी रोज बघत होतो. त्यावर थट्टा करायची माझी हिंमत नाही. माझी थट्टा फक्त माझ्यावर.

कापूस थांबला तरी हायवे थांबला नव्हता. त्यात आमच्या भागात अभ्यासाला फार लोक यायला लागले. कमिट्या, पथकं, चॅनेलवाले. सगळ्यांच्या गाड्या मोठ्या, पांढऱ्या आणि पॉवर स्टेअरिंगच्या. मी म्हटलं, आपण ऑइल विकू!

वडिलांनी आडतीचा बोर्ड काही उतरवू दिला नाही. त्यामुळे वर मोठ्या अक्षरात 'कापूस व सरकीचे व्यापारी' आणि खाली बारीक अक्षरात 'येथे सर्व प्रकारचे ऑइल मिळेल', असा माझा धंदा सुरू झाला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एका कमिटीच्या गाडीचा ड्रायव्हर.

"पॉवर स्टेअरिंग का तेल है क्या?"

मी पूर्ण आत्मविश्वासानं विचारलं, "डिझेल गाडीचं देऊ की पेट्रोलचं?"

त्यानं विचारलं, "सेठ, स्टेअरिंग भी डिझेल पे चलता है क्या?"

"आमच्याकडे दोन्ही आहेत!" मी म्हणालो.

त्यानं एकदा वर बोर्डाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडीत बसता बसता म्हणाला, "आप कपास ही बेचो!"

*

आता गुल्हाने भाऊ. हे कापूस खरेदी केंद्रावरचे ग्रेडर. ढिगातून चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, चोळायचा, आणि ग्रेड सांगायची. माल चालण्याजोगा असला की म्हणायचं, "एफएक्यू." नसला की, "ओलावा आहे, परत न्या." त्यांच्या या दोन वाक्यांवर मोठमोठे शेतकरी श्वास रोखून उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

पण त्या वर्षांत केंद्र उघडं कमी आणि बंद जास्त. मग भाऊ माझ्या बाकावर. बोटांची सवय काही जाईना. पेपर हातात घेतला तरी आधी कोपरा चोळून पाहायचे, मग वाचायचे. मुलीच्या लग्नात त्यांनी जावयाच्या कोटाची बाही चिमटीत धरली होती, असं त्यांच्याच घरचे सांगतात.

एकदा एक ट्रॅक्टरवाला स्टेअरिंगचं ऑइल घ्यायला आला. मी झाकण उघडून त्याला नमुना दाखवला, आडतीत दाखवायचो तसा. मध्येच भाऊंनी बोट बुडवलं. चोळलं. वास घेतला. उजेडात धरलं.

"ओलावा आहे. परत न्या!"

ट्रॅक्टरवाला मान हलवून निघून गेला. मी भडकलो. "भाऊ, हा माझा माल आहे! माझ्या दुकानातून परत कुठं नेऊ?"

"ते तुमचं तुम्ही पाहा. मी मालकाचं तोंड पाहून ग्रेड देत नाई."

"अहो, ऑइलमध्ये ओलावा कसा असेल?"

भाऊ शांतपणे म्हणाले, "मंग पातळ काहून आहे?"

त्या दिवसापासून आजवर माझ्या काउंटरवरचा एकही डबा भाऊंनी पास केलेला नाही.

*

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्येच सुनंदाचा खांदा गेला.

सुनंदा माझी बायको. हायवे सोडून आत, घाटाची दोन वळणं ओलांडली की कोलाम आदिवासींचा एक पोड आहे, दहा-पंधरा घरांची वस्ती. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिकवते. रोज शेअर जीपनं जायची. एकदा जीप खड्ड्यात कलंडली आणि तिच्या उजव्या खांद्यावर तीन माणसं पडली. प्लास्टर निघालं, पण हात खांद्याच्या वर जाईना आणि हातात जोर येईना. डॉक्टरांनी सांगितलं, जीपमधले धक्के कायमचे बंद.

सगळ्यांनी सुचवलं की आता नोकरी सोडावी. सुनंदा म्हणाली, "माझी पहिलीची पोरं आत्ता कुठं वाचायला लागली आहेत. मी शाळा सोडणार नाही. काय करायचं ते तुम्ही बघा."

मी बघितलं. नागपूरला गेलो आणि सेकंडहँड गाडी पाहिली. विकणाऱ्यानं इंजिन चालू करून एका बोटानं स्टेअरिंग गरगर फिरवून दाखवलं. मी तिथेच विरघळलो. टायर पाहिले नाहीत, कागद नीट पाहिले नाहीत. कंपनीनं आपल्या देशातून कधीच गाशा गुंडाळलाय, हेही मला घरी आल्यावर कळलं.

गाडी दुकानापुढे आणली तेव्हा गर्दी जमली. मी म्हटलं, बघा गंमत! सगळ्यांदेखत एक बोट स्टेअरिंगवर ठेवलं आणि गाडी वळवली. गाडी काय सुंदर वळली! वळली ती थेट माझ्याच दुकानात शिरली आणि दारात रचलेला ऑइलच्या डब्यांचा मनोरा आडवा करून थांबली. पॉवर स्टेअरिंगला एक बोट पुरतं, पण ब्रेकला पाय लागतोच, हे विकणाऱ्यानं मला सांगितलं नव्हतं.

सुनंदा गाडी चालवायला शिकली ती सत्तारभाईंकडून. माझ्याकडून शिकायला ती तयार झाली नाही. महिन्याभरात ती एकटी शाळेत जाऊ लागली. गणित अगदी साधं होतं. स्टेअरिंग हलकं, तर सुनंदाची शाळा चालू. स्टेअरिंग जड, तर शाळा बंद.

आणि ते हलकं ठेवायची जबाबदारी कुणाची? ऑइलवाल्याची!

*

एक दिवस सत्तारभाईंनी बॉनेट उघडून सांगितलं, "सेठ, स्टेअरिंग का तेल उतर गया है. भरना पड़ेगा. कौनसा लगता है, वो टाकी के ढक्कन पे लिखा रहता है. देख लो."

मी ते झाकण काढून पाहिलं. त्यावर धूळ आणि तेल यांचा काळा थर बसला होता. आडतीत वाढलेल्या माणसाला कचरा दिसला की राहवत नाही. मी झाकण घरी नेलं. राख घेतली, सोडा घेतला, तारेची घासणी घेतली आणि मोरीत बसून असं काही घासलं की विचारू नका! थर गेला. थराखालची पांढरी अक्षरं दिसली. वा! म्हणून मी आणखी जोरात घासलं.

मग अक्षरंही गेली.

झाकण मात्र चकचकीत झालं. सत्तारभाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं. "सेठ, ढक्कन को तो दुल्हन बना दिया. पर अब ये बोलेगा क्या?"

मी नागपूरच्या एका मोठ्या दुकानात फोन लावला. गाडीचं नाव सांगितलं, कोणतं ऑइल लागतं विचारलं. पलीकडचा माणूस फार सभ्य होता. म्हणाला, "काही अवघड नाही जी. झाकणावर लिहिलेलं असते. तेवढं वाचून सांगा."

गाडीसोबत मिळणारं पुस्तक? विकणाऱ्यानं स्टेपनी दिली हेच नशीब.

घरी हे सांगितलं तेव्हा सुनंदा पोळ्या लाटत होती, डाव्या हातानं. ती थांबली आणि म्हणाली, "इतक्या वर्षांत घरातलं एक भांडं कधी घासलं नाही. आणि घासलं ते नेमकं हे!"

*

मग कडुनिंबाखाली सभा भरली. टाकीत कोणतं ऑइल असावं?

भाऊ घरून सरकी काढलेला स्वच्छ कापूस घेऊन आले. बोळा टाकीत बुडवला, उजेडात धरला. आतलं जुनं ऑइल उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं झालं होतं. पण कापसावर डाग पसरला तशी कडेला थोडी झाक दिसू लागली.

"लाल आहे," मी म्हणालो.

"हरा है," सत्तारभाई म्हणाले.

"पिवळं आहे जी," भाऊ म्हणाले. "तुमची नजर कायले गेली?"

आवाज चढले. नेमके निवडणुकीचे दिवस होते. रस्त्यानं जाणारे लोक थांबून ऐकू लागले आणि हे दुकानदार कोणत्या पक्षाचा प्रचार करताहेत यावर त्यांच्यातच वाद लागला. शेवटी आम्हाला रंगांची नावं कुजबुजत घ्यावी लागली.

निर्णय मी घेतला. लाल! कारण शास्त्रीय होतं. माझ्या दुकानात लाल ऑइलची अख्खी पेटी पडून होती.

मी भरायला बसलो. आता, कापूस मोजून झाल्यावर वर मूठभर जास्त टाकायची आमच्या घराण्याची रीत. तीच मी इथे पाळली. टाकीवर खूण होती तिथपर्यंत भरलं आणि वर प्रेमानं आणखी ओतलं. जास्त ऑइल म्हणजे जास्त हलकं, असा माझा हिशोब. गाडी चालू केली, स्टेअरिंग फिरवलं, आणि झाकणाच्या कडेनं कपडे धुताना यावा तसा गुलाबी फेस बाहेर आला. तो गरम इंजिनावर सांडला, धूर निघाला, मी ओरडलो, शेजारच्या चहावाल्यानं धावत येऊन बादली ओतली.

धूर विरला. भाऊ वाकून बॉनेटखाली बघत म्हणाले, "आता खराच ओलावा आहे!"

*

जास्तीचं ऑइल काढलं. सत्तारभाईंनी गाडी फिरवून आणली आणि खाली उतरून म्हणाले, "मख्खन!"

आम्ही खूश. मी बसून पाहिलं तर स्टेअरिंग दोन्ही हातांनी कसंबसं फिरलं. तेव्हा मला सत्तारभाईंचे दंड आठवले. हा माणूस ट्रकचा गिअरबॉक्स एकटा उचलून बाकावर ठेवतो. पॉवर स्टेअरिंग यायच्या आधीपासून त्यानं ट्रक वळवले आहेत. त्याला जगातलं प्रत्येक स्टेअरिंग मख्खनच लागणार!

आमची चाचणी घ्यायची पद्धतच अशी होती. जिच्या हातासाठी हे चाललं होतं तिला सोडून बाकी सगळ्यांनी स्टेअरिंग फिरवून पाहिलं. चहावाल्यानंसुद्धा.

सुनंदानं पर्स घेतली आणि शाळेत गेली.

*

गाडी आता वळताना रडायची. सरळ रस्त्यावर चूप, पण स्टेअरिंग फिरलं की आई चुकलेल्या रेडकासारखा लांबलचक आवाज काढायची. रस्त्याकडेच्या म्हशी मान वर करून उत्तर द्यायच्या.

पोडावरच्या शाळेत मात्र या आवाजानं क्रांती केली. घाटाच्या पहिल्या वळणावर गाडी रडली की पोरं खेळ सोडायची. दुसऱ्या वळणावर रडली की रांगेत बसायची. मॅडम फाटकातून आत शिरायच्या तेव्हा सगळी शाळा पाढे म्हणत असायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी तर शाळेच्या शिस्तीचं तोंडभरून कौतुक केलं.

बाजाराच्या दिवशी तिथले हेडमास्तर मला भेटले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "शेठ, तुमचं ऑइल लय गुणाचं आहे! पोरं टायमावर बसून राह्यली. बदलू नका बरं!"

धंदा सुरू केल्यापासून माझ्या मालाची ही पहिली तारीफ. मी तरंगतच घरी आलो.

घरी सुनंदा खांद्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. स्टेअरिंग दिवसेंदिवस जड होत चाललं होतं. तिनं फणी माझ्यापुढे धरली. "वेणी घालून द्या. हात मागे जात नाही."

मी वेणी घातली. आयुष्यात पहिल्यांदा. ती अशी झाली की दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, "काहून वं, पडली गिडली का?" सुनंदा हसली, मीही हसलो. पण वेणी घालताना तिचा खांदा किती सुजलाय ते मी पाहिलं होतं. मला माझ्या लाल पेटीची लाज वाटली. खरंच फार लाज वाटली.

त्या आठवड्यात तिनं सुट्टी टाकली. "सोमवारी हजर व्हायचं आहे," ती म्हणाली. "नाही जमलं तर लांब रजेचा अर्ज द्यायचा. मग माझ्या जागी कुणी येईल, किंवा कुणीच येणार नाही."

*

शनिवारी सकाळी दुकानासमोर एक गाडी थांबली. पांढरी. आणि हुबेहूब आमच्याच जातीची!

आम्ही तिघंही बाकावरून उठलो. गाडीतून एक साहेब उतरले. कापसाच्या प्रश्नावर अभ्यास करायला आलेल्या कुठल्याशा कमिटीचे. त्यांनी माझ्या बोर्डाचा फक्त वरचा भाग वाचला होता.

"तुम्ही कापसाचे व्यापारी? जरा बोलायचं होतं."

सत्तारभाईंनी मला डोळ्यांनी खूण केली. साहेबांना गुंतवा, तोवर आम्ही ड्रायव्हरला पटवून बॉनेट उघडतो आणि झाकण वाचतो! मी साहेबांना खुर्ची दिली, चहा सांगितला. साहेबांनी पेन काढलं.

"तुमच्या मते या सगळ्यात मूळ दोष कुणाचा?"

माझे डोळे बॉनेटवर. तोंडातून निघून गेलं, "माझाच, साहेब. एवढं घासायला नको होतं."

साहेबांनी लिहून घेतलं. "आणि सुधारणा कशी होईल?"

"जुनं सगळं बाहेर काढायचं. आणि नवं काही टाकायच्या आधी नीट वाचायचं. आम्ही न वाचताच टाकलं."

साहेबांचं पेन थांबलं. "फार मुळातलं बोलताय तुम्ही!"

तेवढ्यात भाऊ पडलेल्या चेहऱ्यानं परत आले आणि माझ्या कानात म्हणाले, "झाकण वाचलं जी. त्याच्यावर लिवलं आहे, गाडीचं पुस्तक पाहा!"

"मग पुस्तक?"

"डिकीत आहे. पण त्याच्यावर साहेबाचे रिपोर्ट रचले आहेत. डिकी गच्च!"

आम्ही तिघं पुन्हा कुजबुजायला लागलो. साहेबांना गावात फिरायला न्यावं का? जेवायला थांबवावं का? सत्तारभाई तर टायर पंक्चर करायच्या गोष्टी करू लागले.

इतक्यात सुनंदा घरातून बाहेर आली. सरळ साहेबांपुढे जाऊन म्हणाली, "नमस्कार. आमची गाडी तुमच्यासारखीच आहे आणि तिचं पुस्तक नाही. तुमचं पाच मिनिटं बघू द्याल का?"

"बघा ना!" साहेब म्हणाले.

आम्हा तिघांपैकी विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं!

डिकी उघडली. सुनंदा डाव्या हातानं एकेक रिपोर्ट काढून देऊ लागली. जाडजूड, गुळगुळीत, कव्हरवर फुटलेल्या बोंडाचा रंगीत फोटो. माझ्या हातांवर हनुवटीपर्यंत थप्पी रचली गेली. भाऊंच्या हातात एक आला आणि बोटांना राहवलं नाही. त्यांनी आतलं एक पान चिमटीत धरलं. चोळलं. वास घेतला. उजेडात धरून पाहिलं.

साहेब उत्सुकतेनं पुढे झाले. "काय वाटतं?"

"परत न्या," भाऊ म्हणाले.

*

पुस्तक तळाशी होतं. सुनंदानं पान काढलं, त्यावर बोट ठेवून सावकाश वाचलं आणि माझ्या दुकानाच्या सगळ्या फळ्यांवरून एकदा नजर फिरवली. 'येथे सर्व प्रकारचे ऑइल मिळेल'वरूनही फिरवली.

"हे सोडून सगळं आहे आपल्याकडे," ती म्हणाली.

ड्रायव्हरच्या सीटखाली त्या ऑइलचा एक डबा निघाला. साहेब म्हणाले, "घ्या तुम्ही. आम्ही परवा नागपूरला आहोत, तिथे मिळेल." माझी मुलाखत त्यांना फारच आवडली असावी.

सत्तारभाईंनी गाडीची पुढची चाकं जॅकवर उचलली. माझं लाल ऑइल शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर काढलं. नवीन ऑइल पिवळसर निघालं. भाऊ आमच्याकडे पाहून नुसते खाकरले. मी ओतायला पुढे झालो तर तिघांनी एकदम माझा हात धरला. "खुणेपर्यंत!" आणि या वेळी खुणेपर्यंतच ओतलं.

सुनंदा आत बसली. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू. मग चाकं जमिनीवर टेकली. चहावालाही किटली घेऊन तसाच उभा.

तिनं उजव्या हाताचं एक बोट स्टेअरिंगवर ठेवलं. दुखऱ्या हाताचं. आणि फिरवलं.

स्टेअरिंग फिरलं. गाडी रडली नाही.

"भाऊ, तुम्ही पाहा," ती उतरून म्हणाली. सत्तारभाई पुढे सरसावले होते, त्यांना तिनं हातानंच थांबवलं.

भाऊ बसले. अंगठा आणि एक बोट लावून त्यांनी स्टेअरिंग इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. डोळे मिटून थोडा वेळ बसून राहिले. आम्ही तिघं बाहेर उभे होतो, केंद्रावर गाडी लावून शेतकरी उभे राहायचे तसे.

"एफएक्यू," भाऊ म्हणाले.

मी तोंड फिरवून उगाच डबे पुसत बसलो.

*

सोमवारी सुनंदा शाळेत गेली. संध्याकाळी आम्ही तिघं बाकावर बसून हायवेकडे बघत होतो. गाडी आली, दुकानापुढे वळली, थांबली. सुनंदा जेवणाचा डबा घेऊन उतरली आणि तिनं तो काउंटरवर उघडून ठेवला. आत गाभुळलेल्या चिंचा होत्या.

"घाटात आवाज आला का?" मी घाईनं विचारलं.

"नाही ना! तिथंच तर सगळं झालं."

पहिल्या वळणावर गाडी चूप. दुसऱ्या वळणावर चूप. शाळेच्या फाटकाजवळ पोचली तरी कुणाला पत्ता नाही. वर्गात चिटपाखरू नव्हतं. सगळी शाळा मैदानाकडेच्या चिंचेवर चढलेली! पहिलीची पोरंसुद्धा खालच्या फांदीवर. आणि झाडाखाली हेडमास्तर, खांद्यावरचा दुपट्टा पसरून, मान वर करून ओरडताहेत, "अबे, ती मोठी राह्यली ना, डाव्या हाताले!"

सत्तारभाईंना हसू आवरेना. "फिर? सबको रंगे हाथ पकड़ा ना, भाभी?"

"छे! कुणी मला पाहिलंच नव्हतं."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? गाडी फिरवली. एका बोटानं. दोन्ही वळणं मागे गेले, आणि तिथून हॉर्न वाजवत आले."